कॅप्टनला ढकलताना

“कॅप्टनला ढकल,” पराग सर म्हणाले, “पण जरा प्रेमानं ढकल.”

मी तेव्हा सातवीत होते. सातवीतल्या मुलीला प्रेमानं ढकलणं माहीत नसतं. आम्ही मधल्या सुट्टीत ढकलायचो ते निव्वळ वैरानं. म्हणून मी विचारलं, “पण सर, मी का ढकलतो?”

“ढकलते! उल्का मुलगी आहे. किती वेळा सांगू?”

आमच्या कोल्हापूरकडं मुलीसुद्धा ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. आमच्या सिरियलचे दिग्दर्शक पराग सर पुण्याचे, त्यांना ते ऐकलं की पित्त व्हायचं.

“बरं. का ढकलते?”

सरांनी डोक्यावरची टोपी काढली, उत्तर आत ठेवल्यासारखं तिच्यात बघितलं आणि परत घातली. “चॅनेल म्हणतंय म्हणून.”

उल्का म्हणजे मी, समिधा पोवार. आता दहावीत आहे, आणि दहावीचं वर्ष म्हणून सगळे मला गप्प बसायला सांगतात, तर त्यातल्या त्यात हे लिहून घेते. ‘लांबचा ग्रह’ ही सिरियल तुम्ही पाहिली नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, फार कुणी पाहिली नाही. ‘ध्रुव’ नावाचं यान, त्यात एकोणीस माणसं, आणि सगळी एका लांबच्या ग्रहावर राहायला निघालेली. यान मात्र इचलकरंजीच्या वाटेवरच्या एका बंद सूतगिरणीत होतं. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून चंदेरी रंग मारला होता. खिडकीबाहेरचं अंतराळ म्हणजे भोकं पाडलेला काळा पडदा आणि त्यामागं लग्नातल्या दिव्यांची माळ. आमचे अंतराळातले पोशाख एका टेलरनं रेनकोटच्या कापडाचे शिवले होते. त्यात असा घाम यायचा की दर कटला बाहीतून पाणी ओतता आलं असतं. श्रावणात चॅनेलनं यानात मंगळागौर घ्यायला लावली. गुरुत्वाकर्षण नसताना आम्ही फुगड्या घातल्या.

आमचे कॅप्टन अधिराज म्हणजे खराडेकाका. वसंत खराडे. जन्मभर नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरले, आणि तेही खलनायक म्हणून. अमक्या गावात बायकांनी त्यांना चप्पल कशी मारली, हे ते पदक मिळाल्यासारखं सांगायचे. सहासष्टाव्या वर्षी त्यांना पहिल्यांदाच सज्जन माणसाची भूमिका मिळाली होती. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शूटिंग घरापासून जवळ होतं.

“पोरी, चाळीस वर्षं संसार केला,” ते म्हणायचे, “पण बायकोबरोबर रोज रात्री जेवायला बसतोय ते आत्ता. ती म्हणते, तुम्ही भात एवढा खाता हे मला ठाऊकच नव्हतं.”

त्यामुळं ढकलायच्या त्या गुरुवारी जे चाललं होतं ते मला मुळीच पटत नव्हतं.

गोष्ट अशी होती. ध्रुव पुढं चाललेलं असताना मागून दुसऱ्या एका यानाची हाक येते, ‘आम्ही बुडतोय, वाचवा.’ कॅप्टन म्हणतात, यान वळवा. उपकॅप्टन रणवीर म्हणतो, वळलो तर आपल्याला पुढं प्राणवायू पुरणार नाही. यानात बंड होतं. कॅप्टन धरून नऊ जण एका बाजूला, रणवीर धरून नऊ दुसऱ्या, आणि मधे उल्का, जिला कॅप्टननं लहानाचं मोठं केलंय. कॅप्टनच्या गळ्यात साखळीला यानाची किल्ली असते. ती खरं तर गिरणीच्या गोदामाची होती. ठरतं असं की उल्का ती किल्ली काढून ज्याच्या हातात देईल त्याचं यान.

आणि चॅनेलला ठरवता येत नव्हतं. म्हणून दोन्ही शेवट शूट करायचे होते. एकात उल्का कॅप्टनशी इमान राखते आणि रणवीरला एका माणसापुरत्या छोट्या कुपीत, म्हणजे कॅप्सूलमध्ये, घालून अंतराळात सोडून देतात. दुसऱ्यात ती कॅप्टनची किल्ली ओढते आणि त्यांनाच त्या कुपीत ढकलते. संध्याकाळी दोन्ही शेवट मुंबईला जाणार, जो जास्त रंगला असेल तो लागणार. कुपीत जाईल त्याचं काम संपलं. पराग सरांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं, शाळेच्या सहलीचा मार्ग सांगतात तसं.

रणवीर झालेला ऋत्विज दामले मोबाइलमध्ये स्वतःचे केस बघत होता. त्याचा हात थांबला. खराडेकाका म्हणाले, “चहा आला काय?”

आधी इमानाचा शेवट झाला. मी तो कसा केला म्हणून सांगू! काकांच्या हातात किल्ली परत ठेवताना माझा आवाज असा कापला की लाइटवाल्या दादांनी नाक ओढलं. दिग्दर्शकाला एका टेकमध्ये सीन मिळाला की तो देवाला मानायला लागतो. पराग सर म्हणाले, “अप्रतिम. आता दुसरा.”

दुसऱ्यात मला एकच वाक्य होतं. “माफ करा कॅप्टन, मला भविष्य हवंय.” मग किल्ली ओढायची आणि ढकलायचं.

मी लेखकाला फोन लावला. पराग सरांच्याच फोनवरून, ते बघत नसताना. सुजयदादा मुंबईत बसून एका वेळी तीन सिरियल लिहायचा.

“दादा, उल्का असं का करते?”

“उल्का कोण?”

“यानातली.”

“हां हां, यानवाली. मला वाटलं सासूबाईंची नर्स. अगं, का म्हणजे… तिला भविष्य हवंय ना?”

“पण कॅप्टननं तिला वाढवलंय. कालच्या भागात त्यांनी तिला स्वतःच्या वाटणीचा प्राणवायू दिला. आज ती त्यांना फेकून देते?”

“प्रेक्षक विचारत नाहीत, तू कशाला विचारतेस?”

“मी विचारतो कारण मला ते करायचंय.”

“मग तूच शोध. अभिनेत्री तू आहेस,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मोठी माणसं उत्तर नसलं की तुमचं कौतुक करतात.

मला कारण सापडलं नाही, पण बेत सापडला. कुठला शेवट लागणार ते रंगण्यावर ठरणार होतं ना? मग मी दुसरा रंगूच द्यायचा नाही. साधं गणित. मला वाटलं, जगात इतकं हुशार कुणाला सुचलं नसेल.

“ॲक्शन!”

मी दोन पावलं पुढं आले, उजवा हात छातीवर ठेवला, डावा आकाशाकडं केला आणि आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत बोलतात तशी बोलले, “माफ! करा! कॅप्टन! मला! भविष्य! हवंय!” फक्त ‘पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणायचं राहिलं.

“कट. समिधा, बाळा, काय झालं?”

“काही नाही सर.”

दुसऱ्यांदा मी किल्ली ओढताना साखळीत बोट अडकवून घेतलं. तिसऱ्यांदा ढकलताना इतकं हळू ढकललं की काकांना स्वतःच मागं मागं चालत कुपीत जाऊन बसावं लागलं. सत्कारमूर्ती खुर्चीवर बसतात तसे. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

“सर, ही मुद्दाम करतेय!” ऋत्विज ओरडला. “मघाशी रडून दाखवलं पोरीनं, आता तिला ढकलता येत नाही? काय चाललंय काय!”

त्याचे डोळे लाल झाले होते. तेव्हा मी त्याला मनातल्या मनात ‘जेलवाला’ म्हणून गप्प केलं. केसांना जेल लावणाऱ्या माणसालाही पोट असतं, हे सातवीत कुठं सुचतंय.

“मुद्दाम कशाला करेल ती?” खराडेकाका म्हणाले. “पोरगी दमलीय. पाच मिनिटं द्या.”

त्यांनी मला यानाच्या मागं नेलं, जिथून अंड्यांचे ट्रे उलटे दिसायचे. बाहेर पप्पांचा जनरेटर धडधडत होता. पप्पा सेटवर जनरेटर भाड्यानं लावायचे, त्यांच्याबरोबर येऊन येऊनच मी या सिरियलमध्ये शिरले होते. काकांनी माझ्यासाठी आणलेला चहाचा कागदी कप माझ्या हातात दिला.

“मुद्दाम करतीस?”

“हो.”

“का?”

“तुमच्यासाठी! हा शेवट वाईट झाला की पहिला लागेल. मग तुम्ही राहाल. काकूंबरोबर जेवायला जाल.”

मला वाटलं, आता ते मला जवळ घेतील. सिरियलमध्ये घेतात. खराडेकाका स्वतःच्या कपातल्या सायीवर फुंकर घालत बसले.

“शिवाय उल्काला कारणच नाही ओ,” मी म्हणाले. “तुम्ही तिचं एवढं केलंय. ती कशाला ढकलेल? एक जरी कारण असतं तर मी नीट केलं असतं.”

“एक कारण असतं तर केलं असतंस?”

“शप्पथ.”

“बरं,” ते म्हणाले. चहा संपवला, कप चुरगाळला आणि कपाळावरचा घाम पुसून कॅप्टन होऊन निघून गेले.

आता एक सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल. मी सिरियलमध्ये कशी आले याची एक गोष्ट सेटवर सगळ्यांना पाठ होती. काकाच ती सांगायचे. पहिल्या दिवशी म्हणे मी गिरणीच्या दारात उभी होते, काकांची नजर माझ्याकडं गेली आणि ते पराग सरांना म्हणाले, ‘या पोरीच्या डोळ्यांत आग आहे, हिलाच घ्या.’ ही गोष्ट मी आमच्या शाळेत इतक्यांदा सांगितली होती की वर्गातल्या मुली मला बघितलं की बादली आणू का विचारायच्या. पण खरं सांगते, मला ती फार आवडायची. त्याआधी वर्गात हजेरीला ‘उपस्थित’ म्हणताना माझा आवाज बाईंपर्यंत पोचत नसे. त्या आगीमुळंच मला वाटायला लागलं की आपण काहीतरी आहोत.

“ॲक्शन!”

मी हात छातीवर ठेवला. तोंड उघडलं. “माफ! करा! कॅप्ट—”

“थांब,” कॅप्टन म्हणाले.

हे कागदावर नव्हतं. मी कॅमेऱ्यामागं बघितलं. पराग सरांचा हात हवेत राहिला होता, पण ते कट म्हणाले नाहीत.

“कोण माफी मागतंय?” काकांचा आवाज बदलला होता. त्यात आमचे सज्जन कॅप्टन कुठंच नव्हते. चप्पल खाल्लेला जुना माणूस बोलत होता. “तू? तुला वाटतं, तुझ्या मतावर यान वळणार आहे?”

मी म्हणाले, “नऊ आणि नऊ… माझंच मत राहिलंय.”

“तुला मत दिलं कुणी? तू या यानात आलीस कशी, ठाऊक आहे तुला?”

“तुम्ही… तुम्ही मला निवडलंत.”

ते हसले. मान मागं टाकून, सगळ्या दातांनी.

“भरतीच्या दिवशी ठरलेल्या मुलीला कावीळ झाली. तिचा पोशाख शिवून तयार होता. तू दारात उभी होतीस आणि तो तुला बसला. बास. डोळ्यांतली आग वगैरे मी लोकांना सांगायचो. लोकांना असलं काही आवडतं.”

यानातली बाकीची माणसं तोंडं बंद करायची विसरली होती. कॅप्टननं हे सगळं उल्काला सांगितलं की मला, ते त्यांना कळलं असेल नसेल. मला कळलं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मला आठवलं, त्या दिवशी पोशाख घातल्यावर आत गळ्यापाशी दुसऱ्याच कुणाचं नाव पेनानं लिहिलेलं होतं.

“म्हणून तू मत देत नाहीस,” ते पुढं म्हणाले. “मी बोट करेन तिकडं तू बघतेस. मघाशीही तेच केलंस. आत्ताही तेच करशील. यान वळव.”

आणि त्यांनी गळ्यातली किल्ली माझ्या नाकासमोर धरली. मोलकरणीपुढं झाडू धरतात तशी.

पुढचं मी ठरवून काही केलं नाही. मी किल्ली धरली आणि ओढली. साखळी तुटली. ती तुटायची नव्हती, दर टेकला तीच वापरायची होती.

“एकोणीस माणसं आहेत या यानात,” मी म्हणाले. आवाज वर गेला नाही, उलट खाली खाली गेला. “त्यातल्या एकाला तरी विचारलंत तुम्ही? यान वळवायचं म्हणालात, वळवा. मरायचं म्हणालात, मरा. चांगलं करताय म्हणून कुणाला विचारायचंच नाही का, कॅप्टन?”

ते मागं सरकले. मी पुढं. वक्तृत्व नाही, भविष्य नाही, ते वाक्यच मी विसरले होते. मी दोन्ही तळहात त्यांच्या छातीवर टेकले. आत त्यांचं काळीज धडधडत होतं. क्षणभर मी त्यांच्याकडं बघितलं. मला कळेना, मी त्यांच्या गळ्यात पडणार की काय. मग ढकललं.

खराडेकाका कुपीत पडले. कुपीचं थर्माकोलचं दार तुटून माझ्या हातात आलं. मी ते तसंच भोकावर धरून उभी राहिले, दाबून, आणि हुंदके देत होते. मागच्या अंतराळातली दिव्यांची माळ लुकलुकत होती. कट कुणी म्हणेना.

शेवटी कुपीच्या आतून आवाज आला, “पराग, कट म्हण रे बाबा. पायात गोळा आलाय.”

मग मात्र सगळी गिरणी टाळ्या वाजवायला लागली. ऋत्विजही. पराग सर टोपी हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते. मी दार फेकलं आणि बाहेर पळाले. जनरेटरच्या गाडीमागं जाऊन बसले. थोड्या वेळानं काका लंगडत आले आणि शेजारी गाडीच्या पायरीवर टेकले.

“ते खरं होतं?” मी विचारलं. त्यांच्याकडं न बघता.

“काय?”

“कावीळ.”

“खरी होती.”

“पोशाख?”

“बसला तुला. ढगळ होता जरा, पाठीला पिना लावल्या.”

“आणि आग?”

“कसली आग गं! चिक्की खात उभी होतीस. सगळ्या तोंडाला गूळ.”

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. “आता हाच शेवट लागणार. तुम्ही जाणार. मी तुम्हाला वाचवत होतो!”

“मला विचारलं होतंस काय?”

मी गाडीच्या चाकावरचा चिखल नखानं खरवडायला लागले.

“जन्मभर काम केलं पोरी,” ते म्हणाले. “कुठं पडेल नाटकात, कुठं पावसात चार माणसांसमोर. पण समोरचा नट मुद्दाम वाईट करतोय म्हणून मी चांगला दिसलो, असं कधी झालं नाही. तू मला तसलं खायला घालत होतीस.” त्यांनी पोटरी चोळली. “तुझी उल्का मला का ढकलते, कळलं आता?”

मी मान डोलावली.

“मग त्या सुजयला सांग फोन करून. त्याला अजून ठाऊक नसंल.”

संध्याकाळी दोन्ही शेवट मुंबईला गेले. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, ते सांगायला नकोच. खराडेकाकांनी रेनकोट परत केला, सगळ्यांना बर्फी वाटली आणि पप्पांच्या गाडीतून घरी गेले.

भाग लागल्यावर आमच्या गल्लीत माझी फार अप्रतिष्ठा झाली. शेजारच्या आत्तींनी आईला विचारलं, “एवढ्या चांगल्या घरातली पोरगी असं कसं वागली?” वर्गात फळ्यावर कुणीतरी ‘गद्दार पोवार’ लिहिलं, आणि खोटं कशाला बोलू, मी ते तास संपेपर्यंत पुसू दिलं नाही. पण हे दुसऱ्या दिवशीचं. भाग लागला त्या सोमवारी तो संपून जाहिराती लागल्या होत्या, तोवर पप्पांचा फोन वाजला. काका होते.

“बघितलं,” ते म्हणाले.

“मग?”

“बायको तुला शिव्या घालतीय. तुझ्या पणजोबापर्यंत पोचलीय. अभिनंदन.”

मागं खरंच कुणीतरी तावातावानं बोलत होतं. मग फोनची ओढाताण ऐकू आली आणि एक नवीन आवाज आला, खणखणीत.

“कोण? तीच काय गं तू? आमच्या माणसाला अंतराळात ढकलणारी?”

आठवडाभरापूर्वी मी म्हणाले असते, काकू, ते खोटं असतं, ती सिरियल आहे, मला तसं करायला सांगितलं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

“हो, मीच,” मी म्हणाले. “आणि बरोबर ढकललं, काकू. ते कुणाचं ऐकत नव्हते. एकट्यानं ठरवलं आणि यान वळवायला निघाले. त्यांच्यापायी एकोणीस माणसं मेली असती.”

पप्पा माझ्याकडं डोळे वटारून बघत होते.

“ऐकत नाहीत, हे मात्र खरंय,” काकू हळूच म्हणाल्या. “घरातसुद्धा नाही ऐकत गं.”